क्रम बदलला, हे इंजिनाला कोण सांगणार?

मागच्या व्याख्यानात आपण डेटाबेसमधला इंडेक्स म्हणजे काय, ते पाहिलं. आज त्याच्या पुढचं पाऊल. डेटाबेस इंजिन ज्या क्रमाने अक्षरं लावतं तो क्रम आपल्याला मान्य नसेल तर काय करायचं? इंजिनाच्या आत हात घालून आपला क्रम बसवायचा का? आणि ज्यांनी तो बसवू दिला आहे त्यांनी तो किती जबाबदारीने बसवू दिला आहे? मी आज चार व्यवस्थांची चिकित्सा करणार आहे : एसक्यूलाइट, अँड्रॉइडने त्यात केलेले बदल, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस. चौघांना एकच प्रश्न विचारणार आहे, तो थोड्या वेळाने सांगते. आधी माझी एक चूक सांगते, कारण तो प्रश्न त्या चुकीतून आलेला आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघा-तिघांनी एका वाचनालयासाठी सभासदांची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्राम केला होता. आत एसक्यूलाइट. पहिल्याच आठवड्यात ग्रंथपाल बाईंची तक्रार आली, की 'ॲ'ने सुरू होणारी सगळी नावं यादीत शेवटी, पार 'ह'च्याही खाली जाऊन बसतात. बरोबरच होतं त्यांचं. एसक्यूलाइट काही न सांगता बाइटला बाइट लावून तुलना करतं. युनिकोडमध्ये देवनागरीचे स्वर आणि व्यंजनं बऱ्यापैकी ओळीने बसवलेली आहेत, पण 'ॲ' हे अक्षर २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये आलं. तोवर पुढच्या जागा भरलेल्या होत्या, म्हणून त्याला मागची जागा मिळाली. एसटीत उशिरा चढणाऱ्याला मागचीच सीट मिळते, तसं. आम्ही तुलनेचं आमचं स्वतःचं फंक्शन लिहिलं, त्याला 'मराठी' असं नाव दिलं, इंजिनात नोंदवलं, 'ॲ' जागेवर आला. सगळे खूश.

सहा महिन्यांनी बाईंनी दुसरी गोष्ट दाखवली. "अहो, तुमच्या यादीत 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ येतो. आमच्या तक्त्यात श ष स ह, मग ळ, क्ष, ज्ञ." हेही बरोबरच. युनिकोडमध्ये 'ळ' 'ल'ला चिकटून आहे आणि 'क्ष' तर स्वतंत्र अक्षरच नाही : क, हलन्त, ष अशी तीन चिन्हं. म्हणजे क्षीरसागर हे आडनाव 'क'च्या शेवटी, खरे यांच्या आधी येतं. ज्यांना शाळेत हजेरीला सगळ्यांत शेवटी नाव येण्याची सवय आहे त्यांना हे विचित्र वाटणारच. आम्ही फंक्शनमध्ये चार ओळी बदलल्या, नवी आवृत्ती पाठवली. नाव तेच ठेवलं : 'मराठी'.

दुसऱ्या दिवशी फोन. "काळे नावाचे सभासद शोधले तर मशीन म्हणतंय नाहीत. ते तर समोर उभे आहेत!"

आता हे का झालं, ते नीट बघू या, कारण आजचा सगळा विषय यात आहे. समजा इंडेक्समध्ये सातच नावं आहेत, आणि ती जुन्या क्रमाने लावलेली आहेत : काटकर, कानडे, काळे, कावरे, कासार, खरे, गोखले. जुन्या क्रमात 'ळ' 'व'च्या आधी, म्हणून काळे हे कावऱ्यांच्या आधी. शोधताना इंजिन पहिल्यापासून एकेक नाव बघत नाही, मधलं नाव उघडतं. मधलं नाव कावरे. आता नव्या नियमाने विचारलं : काळे कावऱ्यांच्या आधी की नंतर? नव्या नियमात 'ळ' 'ह'च्या नंतर, म्हणजे काळे नंतर. इंजिन उजवीकडे गेलं : कासार, खरे, गोखले. मधलं खरे. काळे खऱ्यांच्या आधी, म्हणून डावीकडे. उरले कासार. काळे कासारांच्या आधी की नंतर? 'ळ' 'स'च्याही नंतर, म्हणजे नंतर. पुढे काहीच नाही. उत्तर : असा सभासद नाही.

काळे डाव्या बाजूला जागच्या जागी बसलेले आहेत. नोंद पुसली गेलेली नाही, फाइल बिघडलेली नाही, कुठेही त्रुटीचा संदेश नाही. छापील यादीत ते दिसतात, कारण ती यादी सगळ्या नोंदी ओळीने वाचून मग लावली जात होती. शोधलं की मात्र सापडत नाहीत. आणि याहून वाईट पुढे झालं. काउंटरवरच्या मुलाने त्यांची नवीन नोंद केली. एकच नाव-पत्ता दोनदा येऊ नये अशी अट आम्ही घातलेली होती. पण ती अट तपासायला इंजिन त्याच इंडेक्समध्ये बघतं! त्याला काळे दिसले नाहीत, म्हणून अट पाळली गेली असं समजून त्याने दुसरे काळे कासार आणि खरे यांच्यामध्ये बसवले. अनामत रक्कम एका काळ्यांच्या नावावर, पुस्तकं दुसऱ्या काळ्यांच्या नावावर. हे निस्तरायला आम्हाला तीन रविवार लागले.

चूक एसक्यूलाइटची नव्हती, आमची होती. पण या चुकीने मला एक गोष्ट शिकवली. आपण समजतो, क्रम म्हणजे दाखवण्याची गोष्ट. माहिती आत आहे, बाहेर काढताना ती अशी लावा किंवा तशी लावा. कपाटातली पुस्तकं उंचीप्रमाणे लावली काय आणि रंगाप्रमाणे लावली काय, पुस्तकं तीच. डेटाबेसमध्ये हे खरं नाही. इंडेक्स बांधला त्या क्षणी तुमचा क्रम डिस्कवर लिहिला गेला. तो आता साठवलेल्या माहितीचाच भाग आहे. तुलनेचं फंक्शन बदलणं म्हणजे ती माहिती ज्या लिपीत लिहिली ती लिपीच बदलणं, आणि जुना मजकूर तसाच ठेवणं.

म्हणून माझा प्रश्न असा : क्रम बदलला, हे इंजिनाला कळतं का? आणि कळलं तर ते काय करतं? या एका निकषावर आता चौघांना बघू.

पहिलं एसक्यूलाइट. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेलं हे इंजिन आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आहे. त्यात मुळात तीनच क्रम येतात. एक बाइटला बाइट लावणारा, दुसरा नोकेस, जो इंग्रजीच्या २६ अक्षरांपुरता लहान-मोठं सारखं मानतो, आणि तिसरा आरट्रिम, जो शेवटच्या मोकळ्या जागा सोडून देतो. बस. बाकी जगाच्या भाषांचं काय? तर ते म्हणतं, तुमचं तुम्ही बघा, हे घ्या दार. तुम्ही एक फंक्शन द्यायचं. त्याला दोन शब्द मिळतात, त्याने ऋण, शून्य किंवा धन आकडा परत करायचा. इंजिन जिथे जिथे तुलना करेल तिथे तिथे तुमचं फंक्शन बोलावलं जाईल.

ही रचना मला मनापासून आवडते. इंजिन फाडावं लागत नाही, पुन्हा जोडावं लागत नाही, पन्नास ओळींत काम होतं. आणि करार स्पष्ट लिहिलेला आहे : अ हा ब पेक्षा लहान आणि ब हा क पेक्षा लहान, तर अ हा क पेक्षा लहान असलाच पाहिजे. हे मोडलंत तर पुढे काय होईल याची हमी नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं साधं कोण मोडेल? मोडतात हो. घरक्रमांक लावायचे आहेत. आपण सहज नियम करतो : दोन्ही नुसते आकडे असतील तर आकड्यांसारखी तुलना, नाहीतर अक्षरांसारखी. आता तीन घरं घ्या : ९, १० आणि ५अ. दहा आणि पाच-अ : अक्षरांची तुलना, 'एक' 'पाच'च्या आधी, म्हणून १० आधी. पाच-अ आणि नऊ : पुन्हा अक्षरांची, ५अ आधी. नऊ आणि दहा : आकड्यांची, ९ आधी. म्हणजे दहा आधी, मग पाच-अ, मग नऊ, मग पुन्हा दहा! वर्तुळ झालं. प्रत्येक जोडीचा निकाल आपापल्या जागी समंजस वाटतो, पण तिघांना एका रांगेत उभं करता येत नाही. अशा फंक्शनवर इंडेक्स बांधलात तर काळ्यांचं जे झालं ते पहिल्या दिवसापासून होईल.

दुसरी एक खाच. एसक्यूलाइटमध्ये तुमचं फंक्शन शून्य म्हणालं की ते दोन शब्द समानच धरले जातात, शोधतानाही आणि 'दोनदा नको' या अटीसाठीही. म्हणजे ह्रस्व-दीर्घाची चूक माफ व्हावी म्हणून तुम्ही 'दिन' आणि 'दीन' यांना शून्य दिलंत, तर इंजिनाच्या लेखी दिवस आणि गरीब एकच. एक नोंदला की दुसरा नाकारला जाईल. उलट 'ॲ' हे एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतं आणि 'अ'वर चंद्र देऊन दोन चिन्हांनीही. डोळ्याला दोन्ही तेच. तिथे मात्र शून्यच द्यायला हवं. 'आधी कोण' आणि 'सारखे कोण' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एसक्यूलाइट दोन्हींना एकच फंक्शन देतं.

आता आपला निकष. फंक्शन बदललं हे एसक्यूलाइटला कळतं का? नाही. फाइलमध्ये काय लिहिलं जातं? फक्त नाव : 'मराठी'. फंक्शन तुमच्या प्रोग्राममध्ये राहतं. तीच फाइल दुसऱ्या साधनात उघडली तर ते निदान म्हणतं, या नावाचं कोलेशनच मला माहीत नाही. तो प्रामाणिकपणा झाला. पण त्याच नावाखाली वेगळं फंक्शन आलं तर ते निमूट वापरतं. रीइंडेक्स नावाची आज्ञा दिलेली आहे, क्रमाची व्याख्या बदलली तर ती चालवा असं सांगितलेलंही आहे. पण आठवण ठेवायची कुणी? आपण. माझं मत असं, की हे दार उत्तम आहे, पण दाराशी वही नाही. कोण कधी कुठल्या नियमाने आत गेलं, याची नोंद नाही.

दुसरं अँड्रॉइड. हे लोक एसक्यूलाइटच्या पुढे एक पाऊल गेले. त्यांनी आपल्या इंजिनात दोन क्रम आतच बसवले. एक युनिकोडचा सर्वसाधारण क्रम, आणि दुसरा लोकलाइज्ड, जो फोनच्या भाषेप्रमाणे बदलतो. बघा, फोनची भाषा वापरणारा कधीही बदलू शकतो. म्हणजे आमच्या वाचनालयात जे एकदा झालं ते इथे कुणी सेटिंगमध्ये बोट लावलं की होणार. मग त्यांनी काय केलं? प्रत्येक डेटाबेसमध्ये एक छोटा तक्ता ठेवला, त्यात एकच गोष्ट : हे इंडेक्स कुठल्या भाषेच्या क्रमाने बांधले. डेटाबेस उघडला की ती नोंद आणि फोनची सध्याची भाषा यांची तुलना होते. वेगळी निघाली तर त्या क्रमाचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधले जातात आणि नवी भाषा तक्त्यात लिहिली जाते. हे सगळं एकाच व्यवहारात, म्हणजे एकतर पूर्ण होईल नाहीतर मुळीच नाही.

मला वाटतं, चौघांत हीच गोष्ट सगळ्यांत शहाणी आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. हे एवढंसं काम आहे! एक तक्ता, एक स्तंभ, एक नोंद. आम्ही तेवढं केलं असतं तर काळे सापडले असते.

पण उणीव सांगितली पाहिजे. इथे क्रम फोनचा आहे, माहितीचा नाही. मराठी पुस्तकांची यादी इंग्रजीवर ठेवलेल्या फोनमध्ये इंग्रजीसाठीच्या नियमाने लागणार, आणि आपल्याकडे मराठी वाचणारे कितीतरी लोक फोन इंग्रजीतच ठेवतात. शिवाय ती फाइल संगणकावर नेऊन साध्या एसक्यूलाइटने उघडली की तो क्रम तिथे नाही. इंजिनात हात घालण्याची ही कायमची किंमत : तुमची फाइल तुमच्याच इंजिनाची होऊन बसते.

तिसरं मायएसक्यूएल. यांची पद्धत वेगळी. क्रम इंजिनाबरोबरच तयार होऊन येतात, भरपूर येतात, आणि त्यांची नावं लांबलचक असतात. लोक त्या नावांची थट्टा करतात. आठव्या आवृत्तीपासून जो क्रम न सांगता मिळतो त्याच्या नावात ०९०० असा आकडा आहे. त्याचा अर्थ युनिकोडच्या क्रमनियमांची ९.०.० ही आवृत्ती. आणखी एका जुन्या घराण्यात ५२० असतं, म्हणजे ५.२.०.

मीही थट्टा करत असे. पण ही नावं अशी का झाली? ५.१.२४ या आवृत्तीत त्यांनी एका प्रचलित क्रमात एक दुरुस्ती केली. जर्मनमध्ये दुहेरी 'एस'साठी जे एक अक्षर आहे त्याची तुलना बदलली. एक अक्षर फक्त! पण नाव तेच ठेवलं. आमच्यासारखंच. ज्यांचे जुने तक्ते होते त्यांचे इंडेक्स नव्या नियमाशी जुळेनात. शेवटी त्यांना जुना, 'चुकीचा' क्रम वेगळ्या नावाने परत आणावा लागला, आणि त्या नावात त्यांनी 'मायएसक्यूएल ५००' असं घातलं. म्हणजे चूकसुद्धा जपून ठेवली, कारण लोकांची माहिती त्या चुकीवर उभी होती.

आपल्या निकषावर यांचं उत्तर असं : क्रम बदलायचाच नाही. नवा नियम आला तर नवं नाव द्या. नाव हीच आवृत्ती. कंटाळवाणं आहे, कुरूप आहे, पण बिनतोड आहे. तुम्हाला स्वतःचा क्रम घालायचा असेल तर सर्व्हरच्या एका एक्सएमएल फाइलमध्ये नियम लिहून, स्वतंत्र क्रमांक देऊन तो घालता येतो, इंजिन पुन्हा जोडावं लागत नाही. मात्र ती फाइल सर्व्हरची. तुमची माहिती दुसऱ्या सर्व्हरवर नेताना ती फाइल न्यायला विसरलात तर पुन्हा तोच खेळ. आणि मायएसक्यूएलने जी शिस्त स्वतःला लावली ती तुम्ही त्या फाइलमध्ये पाळलीत का, हे बघायला कुणी नाही.

चौथं पोस्टग्रेस. इथे जरा जास्त वेळ घेते, कारण इथे धडे जास्त आहेत. पोस्टग्रेसने बराच काळ क्रम स्वतः ठरवलाच नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीला विचारायचं, ती सांगेल तो क्रम. कारण सांगितलं तर पटण्यासारखं : जगातल्या भाषांची माहिती आम्ही कशाला सांभाळू, ती सांभाळणारे दुसरे आहेत. पण याचा अर्थ, तुमच्या डिस्कवर जे लिहिलं आहे त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सची जीलिबसी ही लायब्ररी २.२८ या आवृत्तीत आली आणि तिने क्रमाची माहिती मोठ्या प्रमाणावर बदलली. बदल चांगला होता, आंतरराष्ट्रीय मानकाशी जुळवून घेणारा होता. पण परिणाम काय? साधं उदाहरण बघा : '११' आणि '१-१' यांत आधी कोण, याचं उत्तर अमेरिकन इंग्रजीसाठीसुद्धा उलटं झालं. लोकांनी डेबियन नऊवरून दहावर, रेड हॅट सातवरून आठवर उडी घेतली. डेटाबेसला हातही लावला नाही. आणि इंडेक्स आतून चुकीचे झाले. आमच्या काळ्यांची गोष्ट, पण जगभर. म्हणजे बघा, हा प्रश्न मराठीचा नाही. मराठीत तो लवकर टोचतो, एवढंच.

त्याच्या आधीचा एक धडा त्याहून सूक्ष्म आहे. ९.५ या आवृत्तीत त्यांनी सॉर्टिंग वेगवान करायला एक छान युक्ती बसवली. दोन शब्दांची तुलना दर वेळी लायब्ररीकडून करून घेणं महाग पडतं. त्यापेक्षा प्रत्येक शब्दाचं एकदाच बाइटमध्ये रूपांतर करून घ्यायचं, असं की ते बाइट लावले की शब्दांचा क्रम मिळावा, आणि त्यांतले सुरुवातीचे थोडे बाइट हाताशी ठेवून बहुतेक निकाल त्यावरच द्यायचे. वेग खरंच वाढला. पण हे रूपांतर करणारं लायब्ररीचं फंक्शन आणि थेट तुलना करणारं लायब्ररीचं फंक्शन, ही दोन्ही प्रत्येक भाषेत एकच उत्तर देतील असं गृहीत होतं. ती देत नव्हती! मार्च २०१६ मध्ये ९.५.२ काढून साध्या बाइट-क्रमाखेरीज इतर क्रमांसाठी ही युक्ती बंद करावी लागली, आणि काही इंडेक्स पुन्हा बांधा असं लोकांना सांगावं लागलं. धडा असा : एका क्रमाची दोन साधनं ठेवलीत, की ती एकमेकांशी भांडणार. दोन घड्याळं घरात असली की खरी वेळ कुणालाच माहीत नसते.

मग पोस्टग्रेसने काय सुधारलं? २०१७ मध्ये, दहाव्या आवृत्तीत, आयसीयू ही दुसरी लायब्ररी आणली आणि क्रमाच्या नोंदीबरोबर लायब्ररीची आवृत्ती लिहून ठेवायला सुरुवात केली. आवृत्ती जुळली नाही तर इशारा येतो. म्हणजे अँड्रॉइडची ती वही इथे आली. पण अर्धीच आली. नोंद क्रमाची आहे, प्रत्येक इंडेक्सची नाही. आणि इशारा घालवायची एक आज्ञा आहे, 'आवृत्ती ताजी करा' अशी. ती दिली की इशारा गप्प होतो. इंडेक्स खरंच पुन्हा बांधले का, हे ती आज्ञा तपासत नाही. घरात धूर झाल्यावर आधी घंटी बंद करण्यासारखं हे आहे. प्रत्येक इंडेक्सबरोबर आवृत्ती नोंदवायचा प्रयत्न चौदाव्या आवृत्तीच्या तयारीत झाला होता, पण प्रकाशनाआधी तो मागे घेतला गेला. मला हे खटकतं. प्रश्न अवघड आहे, मान्य. एकच इंडेक्स अनेक क्रमांवर अवलंबून असू शकतो, हेही मान्य. पण जी गोष्ट इंडेक्समध्ये गोठते, तिची नोंद इंडेक्सशीच हवी. दुसरीकडे ठेवलेली नोंद केवळ अंदाज असतो.

आता चांगली बाजू. २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीत तुम्ही स्वतःचे नियम देऊ शकता. मराठीपुरतं बोलायचं तर आमच्या ग्रंथपाल बाईंची तक्रार एका ओळीत मावते : & ह < ळ < क्ष < ज्ञ. म्हणजे 'ह'च्या नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. इंजिनाला स्पर्श नाही, फंक्शन नाही, वर्तुळ होण्याची भीती नाही, कारण नियम रांगेच्या रूपातच लिहिलेला आहे. त्याहून महत्त्वाचं, हा नियम डेटाबेसच्या आतच साठवला जातो, आणि एकदा केलेल्या क्रमाचा नियम जागेवर बदलायची सोयच दिलेली नाही. बदलायचा तर नवा क्रम नव्या नावाने करा. मायएसक्यूएलची शिस्त इथे आपोआप पाळली जाते. माझ्या मते या विषयातली गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत चांगली सुधारणा आहे. खालची आयसीयू बदलली तर काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

इथे एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे : "मॅडम, एवढं सगळं करण्यापेक्षा क्रमासाठी वेगळा स्तंभ ठेवला तर?" उत्तम प्रश्न. हो, ठेवा. नावाशेजारी एक स्तंभ, त्यात आपल्या नियमाने तयार केलेली बाइटची किल्ली. इंजिन ती बाइटला बाइट लावून बघेल, त्याला मराठी कळायची गरज नाही, आणि कुठलंही इंजिन चालेल. नियम बदलला तर किल्ल्या पुन्हा तयार कराव्या लागतील, पण तो बदल डोळ्यांसमोर असतो, तक्त्यात दिसतो. त्याच्या शेजारी नियमाची आवृत्तीही लिहा. तोटे? जागा जास्त लागते, आणि नाव बदलताना किल्ली बदलायला विसरलात की पुन्हा दोन घड्याळं. तरी छोट्या कामासाठी मी आज हाच सल्ला देईन.

मग इंजिनाच्या आत कधीच हात घालू नये का? घालावा. आपल्या भाषेचा क्रम इंजिनाला कळावा ही मागणी अगदी रास्त आहे, आणि ती करणाऱ्याला 'बाइटच्या क्रमाने घ्या की, काय बिघडलं' असं सांगणं मला पटत नाही. कोशात, मतदारयादीत, हजेरीपटात माणूस आपलं नाव तक्त्यातल्या जागी शोधतो. आणि तो तक्ताही दगडावरची रेघ नाही. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित झाली तेव्हा ॲ आणि ऑ या स्वरांना तीत जागा मिळाली. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना जोडाक्षरं मानून 'क' आणि 'ज'खाली घालणारे कोशही आहेत. म्हणजे क्रम बदलणार. पुढेही बदलणार. जिवंत भाषेचा क्रम बदलणारच. इंजिन लिहिणाऱ्याने हे गृहीत धरूनच लिहायला हवं.

माझी तक्रार त्यामुळे एवढीच आहे. जवळजवळ सगळ्यांनी 'आपला क्रम कसा द्यावा' याच्या सोयी मन लावून केल्या. 'दिलेला क्रम बदलला तर' याचा विचार मात्र अपघात झाल्यावर केला. दार आधी, वही नंतर. व्हायला हवं उलटं.

उद्या तुम्ही असं काही करायला बसलात, तर तीन गोष्टी करा. फंक्शन लिहिलंत तर तीन-तीन शब्द घेऊन ते वर्तुळ करतं का, हे मशीनकडूनच हजारदा तपासून घ्या. क्रमाच्या नावात आवृत्ती घाला, 'मराठी' नको, 'मराठी १', 'मराठी २'. आणि प्रोग्राम सुरू होताना इंडेक्स कुठल्या आवृत्तीने बांधला ते वाचा, जुळलं नाही तर पुढे जाऊ नका, आधी पुन्हा बांधा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आमच्या वाचनालयातले ते काळे अजून सभासद आहेत. त्यांचा सभासद क्रमांक आता एकच आहे.